वीबकेची टेकडी

आमच्या गटात कुणी डॉक्टरेट करायला आलं की पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाखाली बुटांचा एक रिकामा खोका येतो. त्यावर त्या माणसाचं नाव लिहायचं आणि पुढची तीन-चार वर्षं त्याच्या फजितीच्या खुणा त्यात साठवायच्या. एक दिवस तो परीक्षकांपुढे उभा राहतो, पास होतो, आणि मग खोक्यातल्या त्या सगळ्या वस्तू पुठ्ठ्याच्या काळ्या टोपीवर चढवून ती टोपी त्याच्या डोक्यावर घालायची. ही आमच्याकडच्या सगळ्याच प्रयोगशाळांची रीत. टोपी जितकी लाज काढणारी, तितका माणूस लाडका, असं समजायचं. तोंडाने लाड करायची सवय आम्हा जर्मनांना नाही, त्यामुळे पुठ्ठा आणि कात्रीवर भागवावं लागतं.

खोके माझ्याकडे, कारण मी गटातला सगळ्यांत जुना. नाव लोरेन्झ. मूळचा फ्रँकोनियाचा, म्हणजे कुरकुर करणं माझ्या रक्तात आहे आणि मी ती मनापासून करतो.

वीबके हार्डर्सचा खोका भराभर भरला. ती पूर्व फ्रिसलंडची, उत्तर समुद्राकाठच्या त्या पाटासारख्या सपाट मुलखातली. तिथल्या लोकांच्या अकलेवरून उरलेला देश विनोद करतो. तिला ते सगळे पाठ होते. आपण विनोद सुरू करावा आणि शेवट तिने सांगून मोकळं व्हावं, असं व्हायचं. आल्या आल्या तिने आमच्या कॉफीच्या यंत्राकडे असं पाहिलं जसं कुणी तुंबलेल्या मोरीकडे पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची किटली आणली. कपात आधी खडीसाखर, मग चहा, मग वरून साय, आणि ढवळायचं नाही. गटातल्या थिलोने एकदा ढवळला, तर त्याला पुढे महिनाभर चहा मिळाला नाही. तो चमचा मी खोक्यात टाकला.

आमचं काम काच थंड करण्याचं. थंड म्हणजे किती, तर याहून थंड होताच येत नाही अशा टोकाच्या, निरपेक्ष शून्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत. तळघरातल्या खड्ड्यात आमचा शीतक बसवलेला आहे, माणसापेक्षा उंच आणि पिंपासारखा गोल. त्याला सगळे जाड्या म्हणतात. जाड्याला हादरा चालत नाही. खड्ड्याजवळ बूट काढून लोकरीच्या सपाता घालायच्या, कुजबुजत बोलायचं. विश्वचषकात आमचा गोल झाला तेव्हा वीबकेने वरच्या मजल्यावर उडी मारली आणि खाली जाड्याचं तापमान चढलं. त्या उडीचा आलेख खोक्यात आहे.

आता काच. स्फटिकात अणू आपापल्या जागी रांगेत बसलेले असतात. काच म्हणजे घाईत गोठलेला रस, तिथे ज्याला जशी जमली तशी त्याने जागा धरलेली. काही अणूंना तर दोन जागा असतात, दोन्ही सारख्याच सोयीच्या आणि मध्ये एक भिंत. अंगात ऊब आहे तोवर अणू भिंतीवरून उडी मारून इकडून तिकडे जातो. आम्ही ती ऊबच काढून घेतो. मग अणूने निमूट बसावं की नाही? पण तो बसत नाही. तो भिंतीच्या आरपार जातो. भिंत फुटत नाही, तिला भोक पडत नाही, इकडे होता तो तिकडे सापडतो. हे मी इतक्या वर्गांना शिकवलंय, आणि खरं सांगायचं तर अजून प्रत्येक वेळी मला ते थोडंसं खोटं वाटतं.

आणि याहून मोठी गंमत पुढे आहे. खिडकीची काच, प्लास्टिक, गोठवलेला साखरेचा पाक, असे एरवी एकमेकांना ओळखही न देणारे पदार्थ त्या थंडीत सख्ख्या भावंडांसारखे वागायला लागतात. कुठलाही घ्या, आकडे जवळपास तेच. का, हे कुणालाच नक्की सांगता आलेलं नाही. आम्हाला याची इतकी सवय झालीय की दोन वेगळ्या काचांचे आकडे जुळले की आम्ही चकित होत नाही, खूश होतो. पुढे जे घडलं ते या सवयीमुळेच घडलं.

वीबकेचं काम असं की काचेची पातळ चकती घ्यायची, दोन्ही बाजूंना धातूचा थर द्यायचा, जाड्यात ठेवायची, आणि ती किती वीज धरून ठेवते ते मोजत बसायचं. मग चुंबक लावायचा. काचेला चुंबकाचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे रेघ सरळ यायला हवी. दुसऱ्या वर्षी तिची रेघ सरळ आली नाही. चुंबक वाढवत नेला तशी ती वर चढली, एक गोल उंचवटा करून पुन्हा खाली आली. शुद्ध वाळूची काच, तिच्यात चुंबकाला कळेल असं काहीही नाही, आणि तरी उंचवटा. थिलो म्हणाला, "बिचारीच्या गावात बांधापेक्षा उंच काही नसतं, म्हणून इथे येऊन टेकडी काढलीन." नाव पडलं ते कायमचं. वीबकेची टेकडी.

टेकडी गाजली. आमचे प्रमुख गुंडोल्फ रीले यांनी तिच्याबरोबर लेख लिहिला, तो छापून आला. रीले परिषदांना जायचे आणि टेकडी दाखवायचे. येत्या वसंतात ते निवृत्त होणार होते आणि निरोपाचं व्याख्यानही त्यांनी टेकडीवरच ठरवलं होतं. मी त्या पहिल्या आलेखाला चौकट करून खोक्यात ठेवला. म्हटलं, या टोपीवर एक तरी वस्तू अभिमानाची असू दे.

रीलेंबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, ते पदवी न झालेल्या कुणालाही 'तू' म्हणत नाहीत आणि म्हणू देत नाहीत. आडनावानेच हाक मारायची, 'हेर' रीले, 'फ्राउ' हार्डर्स, म्हणजे श्रीयुत आणि श्रीमती. परीक्षा झाली की ते हात पुढे करतात आणि फक्त स्वतःचं पहिलं नाव उच्चारतात, की त्या क्षणापासून 'तू'. दुसरी गोष्ट म्हणजे गोंद. दोन डब्यांतलं मिसळून केलेला एक काळा गोंद आहे, तो रीले स्वतःच्या हाताने बनवतात. प्रमाण त्यांचं, काडी त्यांची. जाड्याच्या आत जे काही कशाला चिकटलेलं आहे ते त्या गोंदाने. वीबकेच्या कपाचा कान तुटला तेव्हा तोही त्यांनी चिकटवून दिला होता. काळी रेघ दिसायची, पण कान हलत नव्हता.

तिचा प्रबंध लिहून झाला होता. नोकरीचा करार वर्षअखेर संपणार होता. प्रबंध फक्त नेऊन द्यायचा बाकी, आणि एके दिवशी सकाळी ती माझ्या टेबलावर दोन आलेख ठेवून उभी राहिली.

"हे बघ. ही वाळूची काच. ही दुसरी, फॉस्फरस मिसळलेली. टेकड्या बघ."

"सारख्या आहेत," मी म्हटलं. "छान."

"छान काय? एकावर एक ठेव."

मी ठेवल्या, उजेडात धरल्या. रेघेवर रेघ बसली.

"काचा सगळ्या सारख्याच वागतात, वीबके. हे तू पहिल्या प्रकरणात स्वतःच लिहिलंयस."

"सारख्या, लोरेन्झ. भावंडांसारख्या. एकाचं नाक थोडं मोठं, दुसऱ्याचे कान. ही भावंडं नाहीत. हे एकच पोर आहे आणि आपण त्याचे दोनदा फोटो काढलेत."

मला तेव्हा तिचा रागच आला. माणसाने दारापर्यंत यावं आणि आत जायच्या ऐवजी बिजागऱ्या तपासत बसावं, त्यातली गत. मी विचारलं, दोन्ही वेळेला जाड्यात काय समान होतं? तिचं उत्तर तयार होतं.

"बैठक, तारा, चुंबक. आणि गोंद. गोंदही काचच आहे, लोरेन्झ. घाईत गोठलेला रस. तोही त्याच पंगतीतला."

 चकती तांब्याच्या बैठकीवर गोंदाच्या थेंबाने बसवलेली असते, तारांची टोकं त्याच गोंदात बुडवलेली. थोडी वीज कडेने त्या थेंबातूनही जाते, हे आम्हाला माहीत होतं, पण गोंदाला आम्ही मोजणीत धरतच नव्हतो. वीबकेच्या आधी जो होता तो चकती चापाने दाबून बसवायचा. चाप थरथरतात म्हणून रीलेंनी गोंद आणला. तेव्हापासून कुणी विचार केला नव्हता.

तिला काय करायचं होतं तेही साधं होतं. काचेच्या जागी नीलमाची चकती बसवायची. अंगठीतला निळा खडा नव्हे, कारखान्यातला, पाण्यासारखा नितळ. नीलम स्फटिक आहे, त्यातले अणू रांगेत बसलेले, दुहेरी जागा कुणालाच नाहीत. तो मुका राहणार. मग तोच गोंद, त्याच तारा लावून मोजायचं. रेघ सरळ आली तर टेकडी काचेची. टेकडी आली, तर ती गोंदाची, आणि मग चार वर्षं, छापलेला लेख आणि निरोपाचं व्याख्यान, सगळं गोंदाचं.

तिने हे रीलेंना सांगितलं तेव्हा मी खोलीत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"फ्राउ हार्डर्स, शंका चांगली आहे. आधी प्रबंध द्या. पदवी घ्या. मग कुणीतरी नीलम मोजेल."

"कोण?"

"कुणीतरी पुढचं."

"मग मी पदवी कशाची घेऊ, हेर रीले?"

"परीक्षक हा प्रश्न विचारणार नाहीत, याची मी खात्री देतो."

"मला माहीत आहे ते विचारणार नाहीत. मीच विचारतेय."

रीले खिडकीकडे वळले. म्हणाले, "यंत्रावर पुढची पाळी थिलोची आहे. त्याने दिली तर घ्या. मी त्याला सांगणार नाही."

थिलो कोलोनचा, बोलघेवडा, आणि स्वतःच्या पाळीसाठी वर्षभर टपून बसलेला. तो काही संत नव्हता.

"म्हणजे काहीही नसलेलं मोजायला तुला जाड्या हवाय," तो म्हणाला.

"हो."

"आणि काही सापडलं तर तुझा प्रबंध बुडणार."

"हो."

"तुमच्याकडे सगळेच असे असतात, की घरात तुझंच असं झालंय?"

"माझी आई याहून वाईट आहे," वीबके म्हणाली.

थिलोने डोकं खाजवलं. "माझा तुकडा पण आत जाणार. दोघांचं एकदम. नाहीतर विसर."

त्याचा तुकडा पारदर्शक प्लास्टिकचा होता, मुठीएवढा. हे ऐकून मी कपाळाला हात लावला, कारण असे पदार्थ थंड होताना अंगातली ऊब एकदम सोडत नाहीत. ज्या अणूंची भिंत जाड, ते फार उशिरा पलीकडे जातात, आणि जाताना चिमूटभर ऊब टाकून जातात. आज एक, उद्या दुसरा, असं आठवडेच्या आठवडे चालतं. मुठीएवढं प्लास्टिक आत असताना जाड्याने तळ गाठायचा म्हणजे चिंध्या जळत असलेल्या खोलीत बर्फ जमवायचा. वीबकेलाही हे माझ्याइतकंच कळत होतं. तिने थिलोचा हात हातात घेऊन करार पक्का केला.

नीलम चिकटवायला गोंद लागणार होता. ती चकतीची डबी घेऊन रीलेंकडे गेली. त्यांनी गोंद कालवला, नेहमीच्या काडीने, नेहमीच्या प्रमाणात, आणि थेंब ठेवताना त्यांचा हात हलला नाही. तेवढ्यासाठी मी त्यांना मानलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. जाड्या थंड व्हायला लागला, झाला, आणि हवं होतं त्याच्या बराच वर अडकून बसला. थिलोचं प्लास्टिक ऊब सोडत होतं. रोज सकाळी वीबके सपाता घालून खाली जायची, तापमान बघायची, वर येऊन चहा करायची. तापमान उतरायचं, पण म्हातारा जिना उतरतो तसं. सप्टेंबर गेला. बाहेर नवीन द्राक्षरसाच्या बाटल्या आणि कांद्याचे केक विकायला आले, थिलो रोज घेऊन यायचा आणि अपराधी चेहऱ्याने तिला वाढायचा.

"बाहेर काढू का माझा?" तो एकदा म्हणाला.

"काढायचा तर सगळं गरम करावं लागेल. परत पहिल्यापासून. राहू दे. तुझे अणू दमतील कधीतरी."

"आणि त्याआधी तुझा करार संपला तर?"

"तर बिनपगारी बसेन. भावाच्या दुकानातून चहा येतो, उपाशी मरत नाही."

मी तिला पुन्हा एकदा समजावून पाहिलं. म्हटलं, इतक्यावरही मोजता येईल, अंदाज येईल. ती म्हणाली, "टेकडी ज्या थंडीत दिसली त्याच थंडीत बघायची. वरच्या तापमानाला बघितलं आणि दिसली नाही, तर मी खूश होईन. मला तसं खूश व्हायचं नाही."  मी त्या दिवसापासून तिच्या बाजूला गेलो, आणि कुरकुर करायची तर थिलोपाशी करायला लागलो.

शेवटी एका धुक्याच्या सकाळी जाड्या तिथे पोचला. आम्ही तिघं सपाता घालून पडद्यापुढे बसलो. तिने चुंबक चालू केला, अगदी हळू. रेघ सरळ निघाली. थिलोने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सरळ, सरळ, आणखी थोडी सरळ. मला वाटलं, सुटलो. मग रेघेने मान वर केली. चढली, गोल झाली, उतरली. वीबकेने खिशातून जुना आलेख काढला, पारदर्शक कागदावर छापलेला, आणि पडद्यावर धरला. रेघेवर रेघ बसली.

नीलमाला टेकडी नसते.  तिने चुंबक शून्यावर आणला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवला. टेकडी पुन्हा आली. तेव्हा ती उठली.

"चहा ठेवते," ती म्हणाली. आणि दारात थांबून मला म्हणाली, "वर रीलेंकडे माझ्याबरोबर चल. मी रडले तर वाक्य पुरं करायला कुणीतरी हवं."

ती रडली नाही. तिने आलेख रीलेंच्या पुढे ठेवला आणि उभी राहिली. त्यांनी चष्मा चढवला.

"नीलम?"

"हो."

"म्हणजे गोंद."

"हो, हेर रीले. त्यात नायट्रोजन आहे. त्याच्या गाभ्याला चुंबक कळतो. माझ्या काचांत असं काही नव्हतंच."

"माझा गोंद," ते म्हणाले.

वीबकेने मान हलवली. रीलेंचा चेहरा लाल झाला. मी त्यांना इतक्या वर्षांत आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं.

"तीन परिषदांत मी हे लोकांना दाखवलंय. माझ्या नावाने. लेख छापण्याआधी का नाही तुम्हाला हे सुचलं?"

"सुचलं नाही. तुम्हालाही नाही सुचलं."

ती हे उद्धटपणे बोलली नाही. जसं होतं तसं बोलली, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. रीले म्हणाले, "आता जा." आम्ही गेलो. जिन्यात ती कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "चार वर्षं मी डिंक मोजत होते, लोरेन्झ." मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी एक विनोद केला. तो काय होता ते आता आठवत नाही, आठवून सांगण्यासारखा नसणार.

त्यानंतर रीले तिच्याशी बोलेनात. दुपारी जेवायला जाताना समोरून आले तर मान डोलवायचे आणि पुढे जायचे. तिने प्रबंधातली टेकडीची पानं काढून टाकली आणि बैठकीवरचा गोंद खरवडायला घेतला. गोंद निघून गेल्यावर काच खरंच काय बोलते ते तिला पाहायचं होतं. जुने चाप कुठे सापडेनात. थिलोने तारेचे वाकवून केले, ते थंडीत मोडले.

एका सकाळी मी खाली गेलो तर खड्ड्याच्या कडेला रीले उभे. पायात सपाता, हातात गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी. वीबके बैठक पुसत होती.

"हे चाप," ते म्हणाले. "तुमच्या आधीच्याचे. माझ्या कपाटात होते. थरथरतात, पण चार लावले तर कमी थरथरतात."

तिने डबी घेतली. "आभारी आहे."

"कराराचं मी बोललोय. उन्हाळ्यापर्यंत वाढेल." ते वळले आणि पुन्हा थांबले. "लेख मागे घेण्याचं पत्र मी लिहितोय. तुमचं नाव दुसरं असेल. पहिलं माझं, गोंद माझा होता. यावर चर्चा नको."

काच चापात बसवून मोजली तेव्हा हिवाळा अर्धा सरला होता. या वेळी जाड्यात थिलोचं प्लास्टिक नव्हतं, त्याने आपण होऊन पाळी सोडली. वीबकेने चुंबक टोकापर्यंत नेला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही हलली नाही. ती पडद्याकडे बघत, मला जरा विचित्र वाटेल अशा प्रेमाने म्हणाली, "आमच्या गावासारखी आहे."

रीलेंनी निरोपाचं व्याख्यान गोंदावर दिलं. टेकडी दाखवली, नीलम दाखवला, आणि टेकडी कुणाची निघाली ते स्वतः सांगितलं. सभागृहात काही जण हसले. ते थांबले आणि हसू संपल्यावर पुढे बोलले. मी मागच्या रांगेत होतो आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकाने बरेच आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि शेवटी चष्म्यावरून पाहत म्हणाला, "थोडक्यात सांगायचं, तर इतक्या वर्षांत तुम्हाला काय सापडलं?"

"काचेत टेकडी नाही, हे सापडलं," वीबके म्हणाली. "आणि ती कुठे आहे, तेही."

श्रेणी सगळ्यांत वरची नाही मिळाली, तिच्या खालची मिळाली. तिला विचारलं तर म्हणाली, रास्त आहे.

टोपी आदल्या दिवशी करायची होती. मी खोका उघडला. चमचा, उडीचा आलेख, थिलोचे मोडके तारेचे चाप, आणि तळाशी चौकटीतली टेकडी. ती चौकट मी हातात घेऊन बसलो होतो. अभिमान म्हणून ठेवलेली वस्तू, आता तिचं काय करायचं? थिलो म्हणाला, लाव. सगळ्यांत वर लाव. मी गोंदाच्या डब्यांकडे हात केला, कारण आजवरच्या सगळ्या टोप्या रीलेंच्या गोंदानेच चिकटवलेल्या. थिलोने माझा हात धरला. या टोपीला गोंद नको, हे मलाही लगेच पटलं. मग तो कुठूनतरी सुई आणि जाड दोरा घेऊन आला.

पुठ्ठा शिवणं हे काय काम आहे, ते दोन पदार्थवैज्ञानिकांना करताना पाहावं. तासाभरात थिलोने बोटाला दोनदा भोसकून घेतलं होतं आणि चमचा लोंबत होता. तेवढ्यात दारात रीले आले. टोपीकडे पाहिलं, गोंदाच्या बंद डब्यांकडे पाहिलं. काय चाललंय ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "गोंडा मला द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेसमोरच्या हिरवळीवर सगळे जमले. तिचे आईवडील एवढ्या लांबून आलेले, भाऊ चहाची पेटी घेऊन. मी टोपी तिच्या हातात दिली. रीतीप्रमाणे ती लगेच घालायची असते आणि लोकांनी हसायचं असतं. तिने घातली नाही. तिने टोपी उलटी केली, आतून पाहिली, मग कडेने बोट फिरवत गेली. चमचा टाक्यांनी धरलेला, आलेख टाक्यांनी, चाप टाक्यांनी. टेकडीची चौकट चारी कोपऱ्यांना बांधलेली. कुठेही एक काळा थेंब नव्हता. ती मान वर करीना. मी दुसरीकडे बघायला लागलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

रीले पुढे आले. त्यांच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्यांनी तोच हात पुढे केला.

"गुंडोल्फ," ते म्हणाले.

वीबकेने हात हातात घेतला. अंगठ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने टोपीचा गोंडा धरून जरासा ओढला, आणि तो सुटून तिच्या मुठीत आला.

"टाके ढिले आहेत तुझे, गुंडोल्फ."

"तपासलंस ते बरं केलंस," रीले म्हणाले.

ते तिथेच गवतावर बसले आणि खिशातून सुई काढली. जवळचं त्यांना नीट दिसत नाही, म्हणून दोरा तिने ओवून दिला.